गाठ माझ्याशी आहे

गेली का लाइट? जाऊ दे. जनरेटरवाला डिझेल आणायला गेलाय म्हणजे अर्धा तास निश्चिंती. छपाई थांबली की मालकांचा जीव खालीवर होतो, होऊ दे. बसा इथेच माझ्या टेबलाभोवती. आणि फोटोग्राफर, तुझी ती मोबाइलची बॅटरी माझ्या डोळ्यांवरून काढ. मी आरोपी नाही.

पोरी, मघाशी डबा खाताना तू काय म्हणालीस? मामाचं दुखणं शेवटाला आलंय, पण रात्रीचा माणूस ठेवल्यापासून मामा शांत झोपतो. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त पाण्याच्या बाटलीचं झाकण तेवढं आईला उघडून द्यावं लागतं. तुम्ही सगळे हसलात. मी मात्र डबा बंद केला. 'शांत झोपतो' हे शब्द मी आधी एका घरात ऐकलेत. म्हणून सांगतो.

रचलेली गोष्ट नाही. आपल्या पेपरची गाडी चालवतो ना, धाकटा? आत्ता खाली गठ्ठ्यांची वाट बघत बिडी ओढत बसलाय, तोच. ही त्याच्या घरातली गोष्ट आहे.

त्याचे वडील अण्णा. ट्रकच्या अड्ड्यावर माल बांधायचे. तरुणपणी साखळीत सापडून उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून दोराचं एक टोक दातांत धरायचे आणि डाव्या हातानं गाठ मारायचे. उलटी बसायची ती. ट्रक दरीत गेला तरी गाठ सुटणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला सोडवायला जमणार नाही. ते स्वतः एक टोक ओढायचे की सगळी गाठ मोकळी. अड्ड्यावर कोणी दादागिरी केली की अण्णा आवाज चढवायचे नाहीत. दोर खांद्यावर टाकायचे आणि एवढंच म्हणायचे, "गाठ माझ्याशी आहे." दोघांचे दात त्यांनी पाडले होते, ते बघितलेले लोक होते. तिसरा कोणी नडला नाही.

त्यांच्या गालात गाठ आली. जबडा गेला, अर्धी जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

घरात थोरला, त्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, आणि हा धाकटा. थोरला बसवर कंडक्टर, पहाटेची ड्युटी. वहिनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "या घरात तो शब्द कोणी काढायचा नाही. त्यांचे कान शाबूत आहेत." तो शब्द म्हणजे कॅन्सर. मग सगळे म्हणायला लागले 'गाठ'. गाठ वाढली. गाठ आज दुखते. गाठ बसेल हो अण्णा. पाहुणे आले तरी दारातच वहिनी बजावायची, गाठ म्हणायचं. ती बाई माया करायला गेली. पुढे काय झालं ते ऐका.

आजारी माणसाची सेवा म्हणजे उशाशी बसून कपाळावर हात फिरवणं असं तुम्हाला वाटत असेल तर विसरा. ती मारामारी असते. कळ उठली की अण्णा जनावरासारखे उसळायचे. एकदा वहिनीच्या तोंडावर कोपर बसलं, तिचा पुढचा दात पडला. तिनं चूळ भरली आणि पुन्हा त्यांची कूस बदलायला गेली. नाकातली नळी त्यांनी तीनदा उपसली, भिंतीवर रक्ताच्या रेघा. धाकट्याच्या तळहाताला चावले, तेही अर्ध्या जबड्यानं. खूण बघा त्याच्या हातावर. एका रात्री थोरल्यानं त्यांच्या छातीवर गुडघा दाबून त्यांना धरलं. बापाच्या छातीवर. नंतर मोरीत जाऊन ओकला.

आणि हे सगळं का? तर दुखणं थांबवणारं इंजेक्शन मिळत नव्हतं म्हणून. या देशात बंदूक घ्यायला लागतात त्याहून जास्त सह्या मरणाऱ्या माणसाच्या वेदनेला लागतात. मी स्वतः जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळाच्या साहेबाशी भांडलो. तो म्हणाला, "लोक त्याची नशा करतात." मी म्हणालो, "साहेब, एक दाढ उपटून घ्या बिनभुलीची, मग आपण नशेवर बोलू." शेवटी परवान्याचा कागद झाला. औषध मिळायला लागलं, पण फक्त त्याच इस्पितळाच्या दुकानात, गावापासून चाळीस किलोमीटर.

मग घरातल्या कोणालाच झोप नाही म्हणून रात्रीचा माणूस ठेवला. एका एजन्सीचा. पांढरा सदरा, गोड बोलणं. सगळे त्याला ब्रदर म्हणायचे. थोरला एकदा म्हणाला, "पोटचे दोन दमले, तेव्हा हा तिसरा भाऊ आला." रात्री दहाला यायचा, अण्णांच्या खोलीची कडी आतून घालायचा. "दार वाजलं की पेशंटची झोप मोडते." अण्णांना थंडी वाजते म्हणून लांब बाह्यांचा सदरा त्यानंच चढवला. "अंग मीच पुसत जाईन वहिनी, तुमची पाठ किती दुखते!" वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पहिल्याच रात्रीपासून घर गप्प. सकाळी कडी काढून तो हसत बाहेर यायचा. "शांत झोपले."

दिवसा मात्र अण्णा वहिनीकडे टक लावून बघायचे. हात उचलायची ताकद सरली होती. अर्ध्या जिभेनं दोनच शब्द काढायचे, "गाठ... सोड. गाठ... सोड."

वहिनी म्हणायची, "जाईल हो अण्णा, गाठ जाईल. औषध चालू आहे ना."

ते ऐकलं की अण्णा मागे लोखंडी कठड्यावर डोकं आपटायचे. रक्त येईपर्यंत.

कळलं? नाही ना. त्यांनाही नाही कळलं.

तर ती रात्र. डिसेंबरातली, गुरुवारची. औषध नेहमीपेक्षा लवकर संपलं होतं. ब्रदर म्हणाला, "गाठ जोरात आहे, डोस वाढवावा लागला." धाकट्यानं संध्याकाळी आपलीच गाडी मागितली, मी हो म्हणालो. मागे ताडपत्री, तिच्याखाली परत आलेले जुने अंक, वरून काथ्याचा दोर. त्या दोरावर छपाईच्या शाईचा काळा पट्टा होता, इथेच सांडलेली. औषध घेऊन तो परत निघाला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

रस्ता मोकळा. दोन्हीकडे काळोख. मागून आवाज यायला लागला, फट... फट... दोराचं टोक पत्र्यावर आपटतंय. उतरला, दोर ताणला, बांधला, निघाला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. फट. फट. या वेळी आवाज पत्र्यावर नव्हता. त्याच्या डोक्यामागच्या काचेवर होता.

गाडी थांबवली. मागे गेला. बॅटरी मारली.

दोर बांधलेला होता. घट्ट. उलटी गाठ. डाव्या हाताची.

ती गाठ त्यानं मारली नव्हती. त्याला ती येतच नव्हती.

तो बघत राहिला. आणि गाठ आवळली... आपली आपण. ताडपत्री करकरली. लोखंडी हुक वाकला, त्याच्या डोळ्यांसमोर. तेवढ्यात कानाशी कोणीतरी बोललं. स्वच्छ आवाज. अख्ख्या जिभेचा, अख्ख्या जबड्याचा, दहा वर्षांपूर्वीचा.

"गाठ माझ्याशी आहे."

आणि दोर सुटला. एक टोक ओढल्यासारखा. हुकांतून सळसळत निघाला, रस्त्यावर पडला... आणि गेला. कोणीतरी ओढत नेल्यासारखा. गावाच्या दिशेनं.

तेव्हा पावणेदोन वाजले होते, गाव जेमतेम दोन किलोमीटरवर होतं. गाडीतलं घड्याळ त्याच्या लक्षात आहे.

इकडे घरी. त्याच वेळी खोलीतून किंकाळी आली. वहिनी धावली, दार ठोकायला लागली. "ब्रदर! कळ आलीय त्यांना! इंजेक्शन द्या हो!"

आतून आवाज आला, "वहिनी... दार... दार तोडा..."

तो ब्रदरचा होता.

थोरल्यानं पहार आणली. घाव घातला. दुसरा घातला. आत काहीतरी भिंतीवर आपटत होतं. ओलं. पुन्हा. पुन्हा. मग हाड मोडल्याचा आवाज. मग काहीच नाही.

दार पडलं.

खाट खोलीच्या मध्ये सरकलेली. सलाइनचा स्टँड दुमडलेला. ब्रदर खिडकीच्या गजांना लटकत होता. उजवा हात पाठीमागून वर ओढून बांधलेला, खांदा निखळलेला. अंगठ्याभोवती दोराचे इतके वेढे की अंगठा फक्त कातड्यावर होता. दोनतीन दात जमिनीवर. अण्णांच्या नाकातली नळी त्याच्या घशात कोंबलेली, श्वास तेवढा चालू. खिडकीचे गज जागेवर. कडी आतून.

अण्णा खाटेवर. हनुवटीपर्यंत चादर. गेलेले. चेहरा शांत.

थोरला म्हणाला, "अण्णांनी केलं... जाता जाता..."

वहिनीनं चादर वर केली. बाह्या मागे सारल्या.

दोन्ही मनगटं खाटेच्या लोखंडाला बांधलेली. बँडेजच्या पट्टीनं. साध्या गाठी, घरगड्यानं मारल्यासारख्या. मनगटाची कातडी सोलून आतलं पांढरं दिसत होतं. जुनी जखम, तिच्यावर नवी, तिच्यावर आणखी नवी. आणि ब्रदरच्या पिशवीत न फोडलेली इंजेक्शनं. तो विकायचा ती. अण्णांना पाणी टोचायचा आणि बांधून ठेवायचा. तोंडात बोळा. घर झोपायचं, शांत.

गाठ सोड. मनगटाची. माणूस दिवसाढवळ्या सांगत होता, मनगट सोड, मला बांधतात. आणि घरानं त्या शब्दाला दुसराच अर्थ घालून ठेवला होता. मायेनं.

वहिनीनं कधी आवाज चढवला नव्हता. तिनं कोपऱ्यातलं लोखंडी भांडं उचललं आणि त्या लटकलेल्या माणसाच्या तोंडावर घातलं. पुन्हा घातलं. थोरल्यानं तिला मागून कवेत धरलं तरी ती घालतच होती. धाकटा दारात पोचला तेव्हा हे चाललं होतं. त्यानं वहिनीकडे बघितलं नाही. अण्णांकडेही नाही. गजांकडे बघितलं.

काथ्याचा दोर. छपाईच्या शाईचा काळा पट्टा. उलटी गाठ.

पोलिसांना गाठ सुटली नाही, त्यांनी दोर कापला. गुन्हा कोणावर? दोघा भावांवर! थोरल्याच्या तळपायांची सालटी काढली कोठडीत. मी तीन कॉलम लिहिले: बांधलेली मनगटं, विकलेलं औषध, एजन्सीचा मालक, सगळं. छापून आलं काय? आतल्या पानावर चार ओळी. 'रुग्णसेवकावर हल्ला.' एजन्सीची जाहिरात येते आपल्याकडे रविवारी, तुम्हाला माहीत असेल. पुराव्यावाचून खटला पडला, भाऊ सुटले. आणि तो ब्रदरही सुटला, कारण त्याच्यावर कोणी गुन्हा दाखल करूनच घेतला नव्हता. अंगठा मात्र जोडता आला नाही. मुठीत पकड उरली नाही त्याच्या. मला कळलं होतं की नाव बदलून कुठेतरी पुन्हा हेच काम करतो. म्हणे, त्याला आता साधं बाटलीचं झाकणसुद्धा...

...

पोरी.

कुठला हात?

...उजवा. अंगठा?

...

फोन लाव. आईला लाव. नाही उचलत? पुन्हा लाव. ...झोपल्या असतील. शांत. हो.

ऊठ. खाली धाकटा आहे. गाडी काढ म्हणावं, गठ्ठे गेले खड्ड्यात, मालकांना मी बघतो. दार आतून बंद असलं तर तोडा. आत गेलीस की मामाचं तोंड बघत बसू नकोस. चादर वर कर. मनगटं बघ. आणि एका हातानं बांधता येत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. दातांत धरून येतं. पळ.

...

गेली.

तुम्ही काय बघताय? खोटं वाटतंय? फोटोग्राफर, तुझ्या ओठांवरचं ते हसू मला अंधारातही दिसतं. थांब. दाखवतो. धाकट्याला तो दोराचा तुकडा घरी ठेववेना, रात्री करकरतो म्हणायचा. मी इथे ठेवलाय, या खालच्या खणात. गाठ तशीच आहे. किती जणांनी सोडवून बघितली... परवाच मी स्वतः बघितली, जागेवर होती.

ही किल्ली. एकच आहे, माझ्या जानव्यासारखी जन्माची गळ्यात. कुलूप... लागलेलं आहे, बघ. हात लावून बघ. हां.

आता बॅटरी मार इकडे.

...

आत मार.

...

कात्रणांवर हे काय... काथ्याचे तंतू. एवढेच. दोर नाही.

ओले आहेत.