तिकिटं चौदा, माणसं पंधरा

आधीच सांगते, हे मी कुणाच्या कुणाकडून ऐकलेलं नाही. ज्यांच्यासोबत घडलं ते माझे सख्खे थोरले काका. चौतीस वर्षं बस कंडक्टर होते. नाकासमोर चालणारा माणूस. साधी थाप मारायची म्हटली तरी त्यांना घाम फुटतो. तेव्हा ज्यांना "काहीही हं!" म्हणायचंय त्यांनी आत्ताच म्हणून घ्या आणि मग पुढे वाचा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस. शुक्रवार. संध्याकाळी पाच ते नऊ.

शहर काकांना पूर्ण नवीन होतं.

आणि ज्या माणसाने जन्मात कधी बारची पायरी चढली नाही, तो त्या संध्याकाळी एकामागून एक चार पब फिरला.

का, ते सांगते.

काकांना दोन मुलं. थोरला दादा आणि धाकटी. धाकटी नोकरीसाठी त्या शहरात गेली आणि वर्षभरात नोकरी सोडून गाइड झाली. पब क्रॉलची गाइड. म्हणजे बाहेरून फिरायला आलेल्या लोकांचा घोळका घ्यायचा, एका संध्याकाळी चार पब दाखवायचे, वाटेत गावातल्या गमतीजमती सांगायच्या, आणि सगळ्यांना सुखरूप परत आणायचं.

काका फोनवर कडाडले, "कंडक्टरची पोरगी लोकांना बारमधून बारमध्ये नेते? लाज नाही वाटत?"

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पण माणसंच न्यायचात की! मी वेगळं काय करते?"

काकांनी फोन ठेवला. तो चार वर्षं उचलला नाही.

त्या चार वर्षांत कुणी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" की काका म्हणायचे, "एक." काकू शेजारी उभी असली तरी. ती बिचारी आत निघून जायची. मी एकदा तावातावाने भांडले होते काकांशी. "मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नकोस," एवढंच ऐकायला मिळालं.

मग धाकटीला न्यूमोनिया झाला. लहानपणापासून तिची सर्दी कधी हटायचीच नाही, म्हणून तिने याही वेळी अंगावर काढलं. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. दादा धावत गेला, सगळं उरकून आला. काका खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

दोन महिन्यांनी अचानक म्हणाले, "तिची खोली रिकामी करायचीय ना? मी जातो."

एकटेच गेले. खोली केवढी, तर पलंग आणि कपाट ठेवल्यावर दार पूर्ण उघडत नव्हतं. दोन बॅगांत तिचा सगळा संसार मावला. घरमालकीण बाई बोलकी होती. म्हणाली, "ती गेली, पण तिची फेरी चालू आहे हो अजून. पाच वाजता चौकातल्या घड्याळाखाली जमतात. रस्ता तिनेच आखलेला, नियमही तिचेच."

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. त्या खोलीत काकांना बसवेना. पोरीने चार वर्षं नक्की केलं तरी काय, ते एकदा डोळ्यांनी बघावं असं वाटलं. तिला सांगायचं होतं ते सगळं राहूनच गेलं होतं. निदान ती ज्या रस्त्याने चालली त्या रस्त्याने चालून यावं.

पाचला काका घड्याळाखाली उभे होते. बाकी सगळी तरुण मंडळी, हसणारी, फोटो काढणारी. मध्ये हे, मफलर गुंडाळून.

गाइड तिशीची बाई होती. बसका आवाज, डोक्याला नारिंगी टोपी. "काका, तुम्ही पण?"

"मी पिणार नाही. फक्त सोडा."

"चालेल की! चालायला जमेल ना पण?"

"चौतीस वर्षं उभ्याने काढलीत, बाई."

सगळे हसले. आपण कोण, हे काकांनी सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे होतं?

गाइडने त्यांच्या हातात एक पिवळा पट्टा दिला. "मग तुम्ही आमचं शेपूट. शेपूट म्हणजे सगळ्यात शेवटचा माणूस. प्रत्येक दाराशी माणसं मोजायची. सगळी आली की ओरडायचं, 'पूर्ण!' तोपर्यंत मी जागची हलणार नाही. आज तिकिटं चौदा, तुम्हाला धरून."

काकांनी विचारलं, "हे कुणी काढलं?"

"आमची जुनी गाइड होती एक. तिचे बाबा कंडक्टर होते म्हणे. ती प्रत्येक घोळक्याला सांगायची, माझ्या बाबांची गाडी कधी माणूस मागे टाकून सुटली नाही." गाइडने टोपी सारखी केली. "गेली बिचारी. चला, निघू या!"

काकांनी पट्टा गळ्यात घातला. ती इथे रोज, परक्या माणसांना, बापाचं कौतुक सांगत होती. आणि बाप घरी बसून "एक" म्हणत होता.

पहिला पब कोपऱ्यावरचा. लाकडी बाकं, पितळी नळ, ओल्या फडक्याचा वास. काका सोडा घेऊन भिंतीशी बसले. अर्ध्या तासाने सगळे बाहेर पडले. काकांनी सवयीने मोजलं. कंडक्टर बोटं नाचवत मोजत नाही. मागून पुढे, नजरेनेच, दोन-दोन.

पंधरा...

परत मोजलं. चौदा.

वय झालं, म्हणाले मनात, आणि ओरडले, "पूर्ण!"

घोळका पुढे निघाला. काका शेवटी. दुकानं बंद होत होती, शटरं खाली येत होती. एक गल्ली लागली. पुढच्यांच्या गप्पा लांब गेल्या.

आणि मागून आवाज आला...

नाक ओढल्याचा.

सूं... करून. लहान मुलं ओढतात तसा. मग थोडं थांबून, पुन्हा एकदा.

काकांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "रुमाल आहे का?"

आणि मग ते जागीच थांबले.

हे वाक्य ते आयुष्यात एकाच माणसाला म्हणत आलेले. अभ्यास करताना, जेवताना, शाळेच्या दारात. दर वेळी ती म्हणायची, "नाहीये", आणि त्यांच्याच शर्टाला नाक पुसायची.

मागे कोण असणार? शेपूट तर तेच होते.

काका वळले.

गल्ली रिकामी होती...

दुसऱ्या पबमध्ये बारमन म्हातारा, गप्प. प्रत्येकाला चव बघायला एक छोटा पेला फुकट, अशी तिथली रीत. त्याने लांब टेबलावर पेले मांडले. एक उरला. गाइड म्हणाली, "अहो, चौदा सांगितले होते. एक जास्त झाला."

"तुम्ही सांगता त्यावर मी जात नाही," बारमन म्हणाला. "दारातून येतात ती डोकी मोजतो. तुम्हाला सोडून पंधरा आली."



पब गच्च भरलेला. लोक उभे, बसायला जागा नाही. आणि काकांच्या शेजारचं स्टूल रिकामं... कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. त्याच्यावर कुणी साधी बॅग ठेवत नव्हतं. येणारा-जाणारा त्याला वळसा घालून जात होता.

काकांनी तो उरलेला पेला उचलून त्या स्टुलासमोर ठेवला. मग स्वतःच चरकले. मी हे काय करतोय?

पण उठले नाहीत.

बाहेर पडताना मोजलं. पंधरा. पुन्हा मोजलं. पंधराच.

या वेळी ते कोणतं डोकं जास्त आहे ते शोधायला गेले नाहीत. शोधलं तर निघून जाईल, अशी भीती वाटली म्हणे. मला सांगताना काका रडत होते. "भूत-बित काही मनात आलं नाही गं. पोरगी आलीय, एवढंच वाटलं."

"पूर्ण!" ते जोरात ओरडले. गाइडला वाटलं चौदा.

तिसऱ्या पबपर्यंतचा रस्ता चढाचा होता. काका मुद्दाम सावकाश चालत होते. मागच्याला दम लागू नये म्हणून. तिला चढावर धाप लागायची. मागून पावलं येत होती... अगदी हलकी. काका थांबले की थांबत होती. मध्येच ते सूं... व्हायचं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, न वळता हात मागे केला. कुणी घेतला नाही. पण त्या थंडीतही हाताला गार वाटलं नाही. बराच वेळ ते तसेच हात मागे धरून चालत राहिले.

तिसऱ्या पबमध्ये कोपऱ्यातलं टेबल मिळालं. समोरची खुर्ची रिकामी. काका हळू आवाजात बोलायला लागले. काय बोलले? काकूच्या गुडघ्याचं बोलले. दादाला मुलगी झाली, तिचं नाक थेट तुझ्यासारखं आहे, हे बोलले. छपराला पत्रे नवे घातले, ते बोलले. जे बोलायचं होतं ते मात्र निघेना. आयुष्यात कधी कुणाची माफी मागितलेली नव्हती, सवयच नव्हती जिभेला.

शेवटच्या पबमध्ये सांगतो, असं त्यांनी ठरवलं. तिथे निवांत बसू आणि सांगू.

अर्धा तास संपला. बाहेर मोजलं, पंधरा. काका अंधारात एकटेच हसले.

शेवटचा पब तळघरात होता. अरुंद जिना, खाली जाड दार, दाराशी धिप्पाड दारवान. आत जागा कमी, म्हणून तो मोजून सोडायचा. सगळे जिन्यात ओळीने उभे राहिले. काका शेवटच्या पायरीवर. मागे कुणीतरी होतं... श्वास जाणवत होता.

दारवान खालून ओरडला, "किती?"

गाइडने मान वर केली. "शेपूट! किती?"

आता कंडक्टर माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण आपल्याला सांगते. चेकर गाडीत चढला आणि "किती?" म्हणाला की कंडक्टर माणसं सांगत नाही, फाडलेली तिकिटं सांगतो. ज्याचं तिकीट नाही ते माणूस धरायचंच नसतं. चौतीस वर्षं हाच एक प्रश्न आणि हेच एक उत्तर. तिथे डोकं चालत नाही, जीभच चालते.

"चौदा!" काका म्हणाले.

दारवानाने मोजून चौदा आत घेतले. चौदावे काका.

मागे दार लागलं. कडी पडली.

दोन पावलं आत गेल्यावर काकांना कळलं आपण काय बोललो ते.

ते मागे धावले. दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. "उघडा! पंधरा आहेत! चुकलो मी, पंधरा आहेत! एक राहिलंय बाहेर!"

दारवानाने घाबरून दार उघडलं. काका जिना चढून रस्त्यावर आले.

दिवे चालू होते. रस्ता रिकामा.

"अगं ये ना!" ते ओरडले. "मी मोजायला चुकलो! ये परत!"

त्यांनी कान दिला. कितीतरी वेळ.

काही नाही. ते नाक ओढणंही नाही...

गाइड धापा टाकत वर आली. "काका, काय झालं? चौदाच आहेत, सगळे आत आहेत."

"माझी मुलगी राहिली."

"कुठली मुलगी? तुम्ही तर एकटेच..."

"धाकटी," काका म्हणाले. "मला दोन मुलं आहेत." आणि धाकटीचं नाव चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं. गाइडने ते ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून ती तिथेच पायरीवर बसली.

तेव्हापासून काका दर थंडीत जातात. त्याच वारी, तीच फेरी. गाइड पैसे नको म्हणते, काका तिकीट काढल्याशिवाय राहत नाहीत. पिवळा पट्टाही तेच घेतात. पहिल्या वर्षी सोळा तिकिटं होती आणि सोळाच माणसं. दुसऱ्या वर्षी नऊ आणि नऊ.

यंदा मी सोबत गेले. भीती वाटत होती, नाही म्हणत नाही. कोणत्या गोष्टीची, ते मात्र अजून नीट सांगता येत नाही. म्हाताऱ्या बारमनला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "त्या दिवशी पंधरा होते," आणि पेले पुसत राहिला.

शेवटच्या पबच्या जिन्यात दारवान ओरडला, "किती?"

काका बोलले नाहीत. मोजत होते. एकदा, मग परत. मग मागे वळून वर रस्त्याकडे बघत राहिले. लोक थंडीने कुडकुडत होते.

"तू मोज," ते मला म्हणाले. "माझे डोळे चुकत असतील."

मी मोजलं. खोटं बोलावं असं इतकं वाटलं की काय सांगू! पण कंडक्टरसमोर आकडा खोटा सांगता येत नाही.

"बारा तिकिटं, काका. बाराच माणसं."

त्यांनी मान हलवली. सगळ्यांना आत सोडलं. स्वतः मात्र आत आले नाहीत. हाताने दार उघडं धरून जिन्याकडे तोंड करून उभे राहिले. आत थंड वारा येत होता, लोक वळून वळून बघत होते, कुणीतरी दार लावा म्हणूनही ओरडलं. दारवान आधी कुरकुरला. मग त्याने काकांना बसायला एक स्टूल आणून दिलं.