दोनशे चौदाव्या मैलावरचं गाव

बंदरापासून डोंगरापलीकडच्या पठारापर्यंत जाणाऱ्या हमरस्त्याची मार्गदर्शिका काढणाऱ्या त्या कचेरीत बाईंना तीस वर्षं झाली होती. कोणत्या गावाची बाजारपेठ रेल्वे आल्यावर बसली, नदीला उतार कुठे आहे, कुठला घाट कधी फोडला, सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतः मात्र त्या रस्त्यावर चाळीस मैलांच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच रस्त्यावर मालाचा ट्रक चालवायचा आणि यावरून त्यांना भारी छळायचा. "आई, घरात बसून घाट चढणारी तू जगात एकटीच!" म्हणायचा.

त्या शनिवारी दुपारी बाई नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासत होत्या. चार वाजता छापखान्याचा माणूस कागद न्यायला येणार होता. दोनशे चौदाव्या मैलाशी आल्या आणि गालातल्या गालात हसल्या, कारण ते गाव मुळात नव्हतंच. या धंद्यात पद्धतच असते, की पुस्तकात एक गाव खोटं घालायचं. कुणी चोरून छापलं, की त्याच्याही पुस्तकात ते गाव येतं आणि चोर आयता सापडतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी साहेबांनी ते काम बाईंवर सोपवलं होतं आणि त्यांनी हौसेनं अख्खं गाव रचलं होतं. ही गोष्ट कचेरीबाहेर कुणालाच, अगदी मुलालाही, माहीत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगाच होता.

"आई, इंजिन तापलं म्हणून आत वळलोय. दोनशे चौदाच्या दगडापाशी, उजवीकडे. अगं, तू लिहिलंयस तसंच आहे सगळं! दोन विहिरी, बंद पडलेलं मनोऱ्यावरचं घड्याळ..."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? इथल्या बायका फार मायाळू आहेत. जेवायला बसवलंय मला. उठतो म्हटलं की खांदा दाबून परत बसवतात." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "आई... गावात एकही पोर दिसत नाही गं. शाळा आहे, पण रिकामी. आणि या सगळ्या... माझ्याकडेच बघतायत."

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. "ऊठ. ताबडतोब ट्रककडे जा."

"मघाशी गेलो होतो. आलो तो रस्ता... तिथे नाहीये. नुसती शेतं आहेत."

फोन कट झाला. बाईंनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. पलीकडे घंटासुद्धा वाजेना. पंख्याखाली कागद फडफडत होते.

त्यांनी त्या गावाच्या टिपणाचं पान पुढे ओढलं. कित्येक वर्षांत ते त्यांनी धड वाचलंही नव्हतं. 'एका पावसाळ्यात नदीनं पात्र बदललं, आणि आसऱ्यासाठी शाळेत ठेवलेली गावातली सगळी मुलं वाहून गेली.' खऱ्या गावांना इतिहास असतो, म्हणून या गावालाही त्यांनी एक दुःख चिकटवलं होतं. तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. मूल म्हणजे काय हे त्यांना कुठे ठाऊक होतं? प्रत्येक गावाच्या टिपणाच्या शेवटी हमरस्त्याला परत कसं लागायचं ते लिहिलेलं असे. इथे ती ओळच नव्हती. जिथे कुणी जाणारच नाही, तिथून परतीची वाट कशाला लिहा, असा तेव्हाचा हिशेब.

बाईंनी लाल पेन उचललं. पुराचं वाक्य खोडलं. समासात लिहिलं, 'पुरातून सगळी मुलं सुखरूप वाचली.' खाली लिहिलं, 'गावाच्या पूर्वेकडून हमरस्त्याला परत येणारी चांगली वाट आहे.'

"अहो, काय करताय?" साहेब मागे येऊन उभे होते. "त्या गावाला हात लावू नका. तो आपला सापळा आहे."

"माझा मुलगा आहे त्यात," बाई म्हणाल्या.

साहेब दोन पावलं मागे सरकले. चार वाजता छापखान्याचा माणूस आला, तेव्हा बाईंनी ते पान स्वतः त्याच्या हातात दिलं.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात ट्रक थांबला आणि मुलगा खाली उतरला. बाई धावत गेल्या. त्याच्या तोंडावरून, पाठीवरून हात फिरवत त्या लहान पोरासारख्या रडल्या. तो अवघडून उभा राहिला. दमला असेल, त्यांना वाटलं.

"सुटलास कसा रे?"

"मुलांनी वाटेला लावलं," तो म्हणाला. "खूप मुलं होती. सगळी एकदमच शाळेतून बाहेर आली. आम्ही बराच वेळ खेळलो."

बाईंनी पुढचं काही विचारलं नाही. जीव भांड्यात पडला होता, तेवढं पुरे होतं. त्यांनी पान वाढलं. त्यानं मान खाली घालून, हळूहळू, सगळं संपवलं. मग हात धुतले आणि परक्या घरात पुसावेत तसे जपून, टॉवेलच्या टोकाला पुसले.

"जेवण फार छान होतं," तो अदबीनं म्हणाला. "निघतो आता. आई वाट बघत असेल."

आणि तो बूट घालू लागला.