सुंदराबाईंची एकच तबकडी

पंजाबरावांनी रेशमी थैलीचा बंद सोडून हात आत घातला आणि झटक्यात मागे घेतला. बोटाला रक्त आलं होतं.

थैली उलटी केली, तशी गादीवर काळ्या तबकडीची खापरं पडली. मधल्या एका तुकड्यावर गोल लेबल शाबूत होतं. त्यावर हातानं रंगवलेलं पांढरंशुभ्र कमळ.

माणिकबाईंची नजर त्या कमळावरून हलेना. पण त्या बोलणार नव्हत्या. पंजाबरावांची ही विधवा बहीण कार्तिक महिनाभर दिवेलागणीपर्यंत मौन पाळत असे. जठारपेठेतल्या त्या घरात तिच्या मौनाची सगळ्यांना इतकी सवय झाली होती, की ती जवळ बसली आहे हेच लोक विसरत.

सुंदराबाई मोठ्या गायिका, पण आयुष्यभर त्यांनी कुठल्याच तबकड्यांच्या कंपनीला आवाज दिला नाही. शेवटच्या दुखण्याआधी पंजाबरावांच्या शब्दाखातर एकदा गायल्या. तबकडी एकच काढायची आणि साचा समोर मोडायचा, ही त्यांची अट. पंजाबरावांनी ती पाळली. सागवानी पेटी, रेशमी थैली, कमळाचं लेबल हे सगळं त्यांच्या स्नेह्यानं, देवमनराव वकिलांनी, अमरावतीत उभं राहून करवून घेतलं. आज संध्याकाळी ती तबकडी पहिल्यांदा चारचौघांत वाजायची होती.

"त्या धर्मपालले आणा," पंजाबराव म्हणाले. "फौजदारालेही सांगा."

धर्मपाल गाणयंत्रं दुरुस्त करणारा. सकाळी तो यंत्र लावून गेला होता. शिपाई त्याला बाजारातून हाताला धरून घेऊन आला. फौजदार खुशालराव खुर्ची ओढून बसले. धर्मपालला दाराबाहेर ओट्यावरच उभं केलं.

"पेटी उघडली होती तू?"

"मालकानंच सांगतलं होतं. तबकडी चाकावर बसते का पाहा, पण सुई टेकवू नको म्हणून. बसली. मी परत थैलीत घातली."

"साबूत?"

"साबूत."

"किल्ली?"

"पेटीलेच होती."

"त्याच्यानंतर पेटीले कोणाचा हात लागला नाही," पंजाबराव मधेच बोलले. "देव सोडले तं सोडले, आता लोकाच्या घरच्या वस्तू फोडायले लागले."

"देव सोडले मालक. कामात खोट नाही केली कधी."

"तोंड चालवून राहिला पुन्हा."

धर्मपालचा चेहरा उतरला होता. टेलिफोन खात्यात त्याला नोकरी लागायची होती. वर्तणुकीचा दाखला याच फौजदारांकडून जायचा होता. खुशालरावांनी त्याची आठवण करून दिली, ती मुद्दामच. कबूल झालास तर पाहू, नाही तर आज रात्री कोठडी आणि दाखल्याला रामराम, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

"मी ताईले एक गोष्ट विचारली होती सकाळी," धर्मपाल म्हणाला. "त्याईलेच विचारा ना."

"तिचं मौन आहे, हे ठाऊक आहे म्हणून तिचं नाव घेते," पंजाबराव कडाडले. धर्मपालचं पुढचं बोलणं त्या आवाजात बुडालं.

देवमनराव कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय दुमडून बसले होते. दुपारच्या मोटारीनं आले होते, जेवून याच खोलीत आडवे झाले होते. त्यांनी खिन्नपणे मान हलवली. अशी वस्तू असल्या माणसाच्या हाती द्यायचीच नव्हती, असं म्हणाले. बिचाऱ्या चित्रकारानं एका कमळासाठी किती कागद वाया घालवले होते, तेही सांगितलं.

"तुमी इथंच निजले होते. फुटल्याचा आवाज आला?" फौजदारांनी विचारलं.

"गाढ झोप लागली होती हो."

"मीही माडीवर निजलो होतो," पंजाबराव म्हणाले.

फौजदारांनी माणिकबाईंकडे पाहिलं. सकाळपासून त्या पलीकडच्या खोलीत वाती वळत होत्या. मधे दार नव्हतं, नुसता पडदा. त्यांनी ठाम नकारार्थी मान हलवली.

"जपात असतील," फौजदारांनी विषय संपवला.

माणिकबाईंची नजर गाणयंत्राकडे गेली. झाकणावर दसऱ्याच्या कुंकवाची बोटं अजून होती. त्या दिवशी पंजाबराव अकोटच्या आपल्या जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, पूजेला गेले होते. घरची पूजा माणिकबाईंनी एकटीनं केली होती.

देवमनराव उठले. मैफल तर मोडलीच, आता थांबून काय करायचं, अमरावतीची मोटार मिळेल, म्हणाले. बरोबर आणलेल्या आपल्या तबकड्यांची कातडी बॅग त्यांनी काखेत घेतली.

शिपायानं धर्मपालच्या दंडाला धरलं. तो पायरी उतरला. बाहेर अजून ऊन होतं. दिवेलागणीला वेळ होता.

माणिकबाईंनी कापूस खाली ठेवला, हात जोडून क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "थांबा."

आवाज इतका हळू होता, की फौजदारांना पुढे वाकावं लागलं.

"माणिक, तुझं मौन," पंजाबराव म्हणाले.

"मोडलं. ही तबकडी सुंदराबाईची नाही, दादा."

"कमळ दिसत नाही तुले?"

"तेच दिसून राहिलं. कोरं आहे. दसऱ्याले मी यंत्राची पूजा केली तशी तबकडीचीही केली. कमळावर ओलं हळदीकुंकू लावलं. कागदात मुरलेलं कुंकू जात नाही."

पंजाबरावांचा चेहरा लाल झाला. "तू त्या वस्तूवर कुंकू फासलं? कोणाले विचारून?"

"सुंदराबाईचा आवाज त्याच्यात आहे. त्याची पूजा कराले कोणाले विचारू?" त्या फौजदारांकडे वळल्या. "सकाळी यानं मले विचारलं, लेबलावरचं कुंकू पुसू का, कण सुईत जाईल. मी खूण केली, हात लावू नको. यानं नुसती फुंकर मारली आणि तबकडी थैलीत घातली. म्हणजे सकाळी हा गेला तेव्हा खरी तबकडी इथंच होती. आणि यानं चोरली असती तर खोट्या कमळावर कुंकू लावायले हा विसरला नसता. ज्यानं हे केलं, त्याले कुंकवाचा पत्ताच नव्हता."

"मग फोडली कोणी?"

"या घरात कोणीच नाही. माझं तोंड बंद होतं, कान नव्हते. दिवसभर काही फुटल्याचा आवाज आला नाही. ही खापरं फुटूनच इथं आली, थैलीसकट. थैलीच्या जागी थैली ठेवली, बंद सोडलाच नाही. सोडला असता तर कुंकू दिसलं असतं." त्या थांबल्या. "तसलीच दुसरी थैली कोण शिवून घेऊ शकते? चित्रकाराचे वाया गेलेले कागद कोणाजवळ राहतात? फौजदारसाहेब, वकीलसाहेबांची बॅग पाहा."

देवमनरावांनी बॅग छातीशी धरली. अशा अपमानाचे परिणाम कोर्टात दिसतील, म्हणाले. खुशालरावांनी बॅग हिसकावून घेतली. साध्या तबकड्यांच्या मधे रेशमी थैली होती. बंद सुटला. कमळ तांबडं झालं होतं.

पंजाबरावांनी तबकडी हातात घेतली. "मागितली असती तं..."

"मागितली होती. तू हसला होतास," देवमनराव म्हणाले. आता त्यांच्या आवाजात स्नेह नव्हता. "कापसाच्या गाठी मोजणारा माणूस तू. तुला तिचा एक सूर कळत नाही. जगानं ती फुटली म्हणून रडावं आणि मी दार लावून ऐकावी, एवढंच हवं होतं मला."

"आणि त्यापायी हा तुरुंगात गेला असता तं?" माणिकबाईंनी विचारलं.

देवमनरावांनी ओट्याकडे पाहिलंही नाही. शिपायानं धर्मपालचा दंड सोडला आणि वकिलांचा धरला.

खुशालराव जाता जाता धर्मपालला दाखल्याचं काहीतरी पुटपुटले. उद्या चौकीत येऊन ने, असं. पंजाबराव दारात आले.

"आत ये. पाहुणे येतीनच आता. लाव तबकडी."

धर्मपालनं खांद्यावरची पिशवी सारखी केली. "तुमीच लावा मालक. माह्या हातून फुटन."

तो गेला. पाहुणे आले, पान खाऊन बसून राहिले. तबकडी चाकावर होती, सुई तिच्यावर टेकवायची पंजाबरावांची काही छाती होईना. दोनदा त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

माणिकबाईंनी तुळशीपुढे दिवा लावला. आता बोलायला मोकळीक होती. आतून दादाची हाक आली, तरी त्यांनी ओ दिली नाही.