मागची डावी जागा

एक जुलै, सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. म्हैसूरमधल्या मेटगळ्ळीच्या वजनकाट्यावर माझी गाडी एक हजार चारशे साठ किलो भरली. टाकी काठोकाठ होती, डिकी रिकामी होती आणि मी खाली उतरलो होतो. काटा लॉऱ्यांसाठीचा आहे. तो पाच-पाच किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो. पावती घडी करून मी पाकिटात ठेवली.

गाडी मागून डावीकडे झुकत होती, म्हणून वजन केले. चाक आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत उजवीकडे चार बोटे जात, डावीकडे अडीच.

गाडी पंधरा वर्षांची आहे. चार दरवाजे, टर्बो इंजिन, हाताने बदलायचे सहा गिअर. कंपनीचे नाव लिहीत नाही, दोष तिचा नाही. बाहेरून पाहिली तर एखाद्या निवृत्त बँक मॅनेजरची वाटावी. रिंग रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मग कळते. नव्या गाड्या मी चालवून पाहिल्या आहेत. त्या मधूनमधून शिट्ट्या वाजवतात, स्टिअरिंग हातातून काढून घेतात, आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. ही गाडी ठेवते. रस्ता कसा आहे ते तळव्यांना सांगते आणि पुढचे आपल्यावर सोपवते. हे मी ताराला अनेकदा समजावले आहे. तारा माझी बायको. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आम्ही नाशिकहून येऊन पंधरा वर्षे कुवेंपुनगरमध्ये राहतो. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक आहे आणि सोमवार माझ्या सुट्टीचा असतो.

गाडी फेब्रुवारीत लक्ष्मीपुरममधल्या अंबाजीरावांकडून घेतली. घराणे म्हैसूरमध्ये चार-पाच पिढ्यांपासूनचे. गाडी त्यांच्या वडिलांची, येसाजीरावांची. त्यांचा लाकडाचा व्यवसाय होता. दर गुरुवारी ते एच. डी. कोटे या तालुक्याच्या गावाला जात आणि दुपारपर्यंत परत येत. अनंतकृष्ण नावाचा ड्रायव्हर होता, तो वारला आणि गाडी उभी राहिली. मी घेतली तेव्हा तिच्यावर एक ओरखडाही नव्हता. फक्त मागच्या डाव्या काचेवर रबरी कपांचे दोन गोल डाग होते. उन्हासाठी लावलेल्या पडद्याचे. ते कशानेच निघाले नाहीत.

मेटगळ्ळीत गुंडेरावांचे गॅरेज आहे. तेही जुन्या म्हैसूरचे, घरी मराठी बोलणारे. त्यांनी मागची डावी स्प्रिंग बदलली. मग शॉक अब्सॉर्बर बदलला. मग दोन्ही स्प्रिंगांची अदलाबदल केली. डावी बाजू अडीच बोटांवरच राहिली.

"स्प्रिंग नवी, शॉक नवा, रबर नवं," गुंडेराव म्हणाले. "आता मीच उरलो, सार. मी जाऊन खाली टेकू देऊन बसू काय?"

"काहीतरी कारण असेल ना, गुंडेराव."

"कारण आहे की. वजन आहे."

"कसलं वजन? गाडी रिकामी आहे."

"हौदु, सार. हो, रिकामीच आहे," असे म्हणून त्यांनी पान्यांची पिशवी मागच्या सीटवरून उचलली. ती त्यांनी उजवीकडे ठेवली होती. ते नेहमी उजवीकडेच ठेवत, हे माझ्या नंतर लक्षात आले.

पाच ऑगस्टला काट्याने एक हजार चारशे पासष्ट दाखवले. टाकी तशीच काठोकाठ, डिकी तशीच रिकामी. मी काट्यावरच्या माणसाशी वाद घातला. त्याने माझ्यामागे उभ्या असलेल्या लॉरीकडे बोट दाखवले आणि खिडकी लावून घेतली.

"दोन आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही," तारा म्हणाली.

"मग तिसरा घेतो."

"घे. पण दसऱ्याच्या आयुधपूजेपर्यंत ती सरळ उभी राहिली नाही, तर विकायची. सहावा सोमवार आहे हा, निनाद. माझ्या आईच्या पायांना लावायला हवी होती तेवढी बोटं तू त्या चाकाला लावली आहेस."

जुनी दुरुस्ती काही झाली होती का, हे पाहायला मी त्याच दुपारी गाडीची फाईल मागायला लक्ष्मीपुरमला गेलो. गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून रिक्षाने. येसाजीराव पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसले होते. वय चौऱ्याऐंशी. फेब्रुवारीत सही करताना त्यांचा हात माझ्यापेक्षा जड होता. आता सदऱ्याच्या बाहीत हात आहे की नाही, हे शोधावे लागत होते. उजवा गाल पांढुरका होता. डावा उन्हाने रापलेला, नाकापर्यंत सोललेला.

"उन्हात बसवता का त्यांना?" मी अंबाजीरावांना विचारले.

"छे हो. सव्वा वर्षात उंबरा ओलांडला नाही त्यांनी."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारच्या चौकोनात पेनाने एक आकडा लिहिला होता. अंबाजीरावांच्या पत्नी, नागरत्नाबाई, त्यांचे वजन करून लिहीत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या होत्या. जेवण ठीक, झोप ठीक, रक्त ठीक. वजन मात्र उतरत होते. बातमीदारीच्या दिवसांपासूनची सवय आहे, दिसलेला आकडा मी उतरवून घेतो. फेब्रुवारी, अडुसष्ट. जूनचा शेवटचा रविवार, अठ्ठावन्न. कालचा, चोपन्न.

मी निघालो तेव्हा येसाजीरावांनी हात केला.

"गाडी बरी आहे?"

"बरी आहे. जरा झुकते."

"गुरुवारी हंपापुराच्या अलीकडे त्या उसाच्या लॉरीमागे किती वेळ राहिलास तू," ते म्हणाले. "चौथ्यात काय होणार? तिसऱ्यात टाकायची. अनंतकृष्ण टाकायचा."

गुरुवारी आमचा बातमीदार रजेवर होता, म्हणून एका शाळेच्या बातमीसाठी मीच कोट्याला गेलो होतो. एकटा. उसाच्या लॉरीबद्दल मी कोणाला सांगितले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखे काही नव्हते.

दोन सप्टेंबरला काटा म्हणाला, एक हजार चारशे पंच्याहत्तर. आदल्या रविवारी कॅलेंडरवर त्रेचाळीस लिहिले होते. हे मी फोन करून विचारले. प्रकृतीची चौकशी म्हणून विचारले.

संध्याकाळी ताराने गाडीच्या आणि येसाजीरावांच्या वजनांच्या दोन्ही रांगा एका वहीत शेजारी शेजारी मांडल्या आणि बेरीज केली. एक हजार पाचशे अठरा. एक हजार पाचशे एकोणीस. एक हजार पाचशे अठरा. तिने पेन खाली ठेवले.

"योगायोग असतो असा," ती म्हणाली.

"किती वेळा असतो?"

"परत कर त्यांना गाडी. पैसे नकोत म्हणावं. नुसती परत कर."

मी प्रयत्न केला. अंबाजीरावांना ही गोष्ट कशी सांगावी हे मला सुचेना. रोज दहा बातम्यांचे पहिले वाक्य मी दुरुस्त करतो, आणि या बातमीचे पहिले वाक्य मला लिहिता येईना. शेवटी सरळ आकडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"निनादराव, बाबांचे फार दिवस राहिले नाहीत, हे आम्हाला कळतं," ते म्हणाले. "तुम्हाला गाडीचा कंटाळा आला असेल तर विका ना. पेपरातच आहात, जाहिरात द्या. आमच्या घरातल्या आजारपणाला कशाला जोडता?"

मी माफी मागितली. जाहिरात दिली नाही. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली की पुढचे आकडे मला कोण सांगणार? हे कारण मी ताराला दिले. ते अर्धेच खरे होते. त्या आठवड्यात मी रोज सकाळी रिंग रोडला एक फेरी जास्त मारली. मागे वजन असताना ती वळणावर जास्त घट्ट बसते, हे मी कोणाला बोललो नाही.

सात ऑक्टोबर. एक हजार चारशे ऐंशी. कॅलेंडरवर सदतीस.

गुंडेरावांनी पावती पाहिली, उलटी करून पाहिली, परत दिली.

"शुक्रवारी आयुधपूजा, सार. गाडी धुऊन त्यांच्या दारात न्या. त्यांची पूजा राहिली असेल."

"त्याने काय होणार?"

"एन आगल्ल. काही नाही. पण तुम्ही दुसरं तरी काय करणार आहात?"

आयुधपूजेच्या दिवशी या गावात घरोघरी गाड्या पुजतात; कोणाच्या दारात कोणाची गाडी उभी आहे, हे कोणी विचारत नाही. सकाळी साडेनऊला मी ती लक्ष्मीपुरमला नेली. शेवंतीचा हार घातला. चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवले. नागरत्नाबाईंनी कुंकू लावले. वडील बाहेर यायला तयार झाले याचेच अंबाजीरावांना इतके आश्चर्य वाटले होते, की सप्टेंबरचे बोलणे ते विसरले. त्यांनी वडिलांना दोन्ही हातांवर उचलून आणले. एखादी दुमडलेली गादी आणावी तसे.

मी मागचे डावे दार उघडून धरले. त्यांना जागेवर बसवायचे, जे काय असेल ते घेऊन त्यांनी उतरायचे, एवढीच माझी योजना होती. ती लिहून काढताना आता बालिश वाटते.

येसाजीरावांनी मान हलवली.

"तिथे नको. तिथे पुष्कळ बसलो. पुढे बसव."

अंबाजीराव हसले. "बाबा, तुम्हाला चालवता कुठे येतं?"

"म्हणूनच."

त्यांना स्टिअरिंगमागे बसवले. किल्ली माझ्या खिशात होती. हँडब्रेक ओढलेला होता. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि आरशात पाहिले. आरसा माझ्या उंचीला लावलेला होता, तरी त्यांनी तो हलवला नाही.

"तू बाहेर का उभा?" ते मला म्हणाले. "मालक मागे बसतो. तू मालक ना? बस."

आठ महिन्यांत मी त्या जागेवर एकदाही बसलो नव्हतो.

बसलो.

सीट थंड असायला हवी होती, गाडी सकाळपासून सावलीत होती. ती कोमट होती. नुकतेच कोणी उठून गेल्यासारखी. मी पूर्ण टेकण्याआधीच ती खाली दबलेली होती, आणि तो खळगा माझ्या मापाचा नव्हता.

मग तो माझ्या मापाचा झाला.

सीटचा पट्टा मी लावला नव्हता. तो ताणला गेल्याचा टक् आवाज आला.

बाहेर, डाव्या मागच्या चाकाखाली, काहीतरी हलकेच पिचकले.

"झालं," येसाजीराव म्हणाले.

मी उतरलो. चारपैकी तीन लिंबे जशीच्या तशी होती. चौथे सपाट झाले होते. गाडी जागची हललेली नव्हती. पुढच्या चाकांजवळ रांगोळीची रेघ होती, तीही मोडली नव्हती. "सरकली असेल थोडी," अंबाजीराव म्हणाले. वडिलांना उचलायला ते वाकले, आणि थांबले. मग त्यांनी पाय फाकवून नीट पवित्रा घेतला आणि पुन्हा उचलून पाहिले. शेवटी आम्हा दोघांना मिळून आत न्यावे लागले.

चौदा ऑक्टोबर, सोमवार. एक हजार चारशे पन्नास. मागच्या दोन्ही फटींत चार-चार बोटे. आदल्या रविवारी कॅलेंडरवर सहासष्ट. अंबाजीरावांना वाटले घरचा काटा बिघडला. त्यांनी नवा आणला. त्यानेही सहासष्टच दाखवले. डॉक्टरांनी जुने आकडे चुकीचे लिहिले गेले असणार असे ठरवले. फोनवर अंबाजीराव रडले. तारा हसली, महिन्याभरानंतर पहिल्यांदा. गाडी विकण्याचा विषय निघाला नाही.

आता फक्त नोंदी उरल्या आहेत.

अकरा नोव्हेंबर, सोमवार. गाडी, एक हजार चारशे पंचावन्न. डावी बाजू, साडेतीन बोटे. गुंडेरावांनी स्प्रिंग पाहायला नकार दिला. चहा पाजला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "जेवता ना, सार, नीट?"

त्याच संध्याकाळी मी घरच्या काट्यावर उभा राहिलो. आयुधपूजेला चौऱ्याहत्तर होतो. आता एकोणसत्तर. कमरेच्या पट्ट्याला नवे भोक मी पाडले होते, ते ताराने पाहिले होते. तिने वहीत काही लिहिले नाही. वही कुठे आहे हे ती सांगत नाही.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. तारा गाडी कॉलेजला घेऊन गेली. मी दहाला कार्यालयात आलो. अकरा वाजून वीस मिनिटांनी अंबाजीरावांचा फोन आला. म्हणाले, बाबांना बोलायचे आहे, ते आता अंगणात फिरतात, ड्रायव्हिंग स्कूलचा नंबर विचारत होते, हसायचे की काय करायचे कळत नाही.

मग येसाजीरावांचा आवाज आला. भरदार.

"त्या बाजूने या वेळी ऊन फार लागतं. पडदा माझ्याकडे राहिलाय. पाठवून देतो."

मी बरे म्हणालो.

नंतर ताराला विचारले. गाडी कॉलेजच्या मोकळ्या आवारात, उन्हात, सकाळपासून उभी होती. माझे टेबल आतल्या रांगेत आहे, तिथे खिडकी नाही. समोर बसणाऱ्या संकर्षणने विचारले, तुमच्या डाव्या गालाला काय झाले.