शेवटून दुसरी

"माफ करा, पण... ह्याचं काही करता येईल का?"

तिने मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच माणूस उभा होता. त्याने इकडेतिकडे बघितलं, खिशातून रुमाल काढला आणि चोरीचा माल दाखवावा तशी त्याची घडी उलगडली. आत कवळी होती. वरची. मधोमध दुभंगलेली.

"कुणाची?"

"माझी नाही!" तो इतक्या घाईने म्हणाला की तिला हसू आवरेना. मग तोही हसला, आणि ह्याचे सगळे दात स्वतःचे आहेत हे तिच्या सरावलेल्या नजरेने टिपलं. "वडिलांची. बेसिनमध्ये पडली. दोन दिवस ते नुसती मान हलवून बोलतायत."

"मग घरात शांतता असेल."

"आहे ना. माझ्यावर ओरडायला कुणी नाही, करमतच नाही."

दातांच्या दवाखान्यामागच्या छोट्या खोलीत ती कवळ्या बनवायची. प्लास्टरची धूळ, वितळलेल्या मेणाचा वास आणि घासयंत्राची घरघर, हेच तिचं जग. लोकांशी बोलायचं काम पुढच्या ताईंचं. पण आज त्या जेवायला गेल्या होत्या.

"ही तात्पुरती जोडून देते. पण नवी करावी लागेल. वडिलांना घेऊन या."

"लवकर होईल? त्यांच्या जुन्या शाळेत कार्यक्रम आहे. मास्तर होते ते तिथे. भाषण करायचंय त्यांना."

"होईल." तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. इस्त्रीच्या पँटखाली चिखलाने माखलेले पळायचे बूट. "पळता वाटतं?"

"पळतो म्हणजे... पळणाऱ्यांच्या मागे असतो," तो म्हणाला, आणि रुमाल तिथेच विसरून गेला.

त्याचा अर्थ तिला रविवारी कळला. नदीकाठच्या बागेत मॅरेथॉनची तयारी करणारी मंडळी जमली होती. ती पहिल्यांदाच आली होती. प्रशिक्षकांनी हात वर करून ओळख करून दिली, "आणि हा आपला शेपूट! आपल्यात जो सगळ्यात मागे, त्याच्याही मागे हा. कुणालाही वाटेत सोडून यायचं नाही, ही ह्याची जबाबदारी."

सगळे हसले. शेपटाने वाकून नमस्कार केला, तिला बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. तिला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सगळ्यात मागे कोण असणार, हे तिला ठाऊक होतं.

तिचा डावा घोटा कॉलेजात बास्केटबॉल खेळताना मोडला होता. आत अजून स्क्रू होते. तेव्हापासून सहलीला गेलं की डोंगर चढायला सगळे जात आणि आई म्हणे, "तू बस इथे, पिशव्यांकडे बघ." पिशव्यांकडे बघून बघून तिला वीट आला होता. म्हणून एक दिवस तिने कुणालाही न विचारता नाव नोंदवलं. हाडांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटीवर : थोडं पळायचं, थोडं चालायचं, पुन्हा पळायचं. दुखलं तर सांगायचं. सूज आली की थांबायचं.

पळणं तिला जमत होतं. लाज वाटायची ती चालण्याची. बाकीचे दिसेनासे व्हायचे, कुत्र्याला फिरवणारे आजोबा तिला मागे टाकायचे आणि वर "शाब्बास, शाब्बास" म्हणायचे. त्या शाब्बासकीने तिचे कान तापायचे.

"तुम्ही जरा पुढे पळा ना," ती एकदा शेपटाला म्हणाली. "तुमची पावलं ऐकू आली की परीक्षेत मागे सुपरव्हायजर उभे असल्यासारखं वाटतं."

"पुढे गेलो तर शेपूट कसलं? नाक होईल."

"मग निदान बोला तरी."

तो बोलू लागला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेली माणसं कशी वागतात ते सांगायचा : कुणी देवाला हाका मारतं, कुणी साहेबाला, एक नवरा-बायको आत इतकी भांडली की दार उघडल्यावरही बाहेर येईनात. ती हसायची, आणि हसताना धाप लागली की तो मुद्दाम आणखी हळू व्हायचा. एके दिवशी पाण्याची बाटली घेताना तिची बोटं त्याच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली. दोघंही एकदम नदीकडे बघू लागले. नदीत तेव्हा बघण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं.

"आज मध्येमध्ये चालला नाहीत तुम्ही," तो म्हणाला. "दुखत नाहीये ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली. घोट्यात सुई टोचत होती.

खोटं बोलायला तसं कारणही होतं. त्याच सकाळी बूट बांधताना झाडापलीकडचं बोलणं तिने ऐकलं होतं. "शेपटाचं वाईट वाटतं रे. एवढा तगडा पळणारा, आणि हिच्यामागे रांगतोय."

रांगतोय! तो शब्द तिच्या घोट्यापेक्षा जास्त सलला.

पुढच्या रविवारी लांबचं पळणं होतं. ऊन चढलं होतं आणि घोटा सकाळपासूनच कुरकुरत होता. अर्ध्या वाटेवर निरोप आला, की पुढे कुणाच्या तरी पोटरीत गोळा आलाय. शेपटाने तिच्याकडे बघितलं.

"जाऊ? पुलावर थांबतो मी तुमच्यासाठी. सावकाश या."

"जा ना. मी येतेच."

तो गेला, आणि सुईची सुरी झाली. ती लंगडू लागली. पुढचं सगळं चित्र तिला लख्ख दिसलं : आपण लंगडत पोचतोय, सगळे ताटकळलेत, टाळ्या वाजवतायत, कुणीतरी खुर्ची आणतंय... तेवढ्यात रस्त्यावर बस येऊन थांबली. ती विचार न करता चढली.

बस पुलावरून गेली. तो तिथे उभा होता. हातात तिची पाण्याची बाटली, नजर नदीकाठच्या वाटेवर. खिडकी त्याच्या अगदी जवळून गेली.

आणि ती... खाली वाकली. बुटाची नाडी बांधायचं नाटक करत, पूल संपेपर्यंत.

घरी येऊन तिने फोन बंद केला, घोट्यावर बर्फ ठेवला आणि उशीत तोंड खुपसलं. दुपारी फोन सुरू केला तेव्हा त्यावर त्याचे इतके कॉल येऊन गेले होते की यादी संपेना. 'बरं वाटेना म्हणून घरी आले,' एवढंच तिने लिहिलं. लगेच उत्तर आलं, 'पोचलात ना? बास.'

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील दवाखान्यात आले. नवी कवळी उजवीकडे किंचित टोचत होती. डॉक्टरांनी ती काढून तिच्याकडे दिली आणि मास्तर सरळ तिच्या मागोमाग आतल्या खोलीत येऊन बसले. दात नसले तरी त्यांना बोलायचं होतंच.

"भाषण कसं झालं, काका?" तिने घासता घासता विचारलं.

"नाही झालं. मुलगा न्यायला येणार होता, तो आला पार दुपारी. चिखलात बरबटलेला! कुणी मुलगी पळता पळता नाहीशी झाली म्हणे. हा आपला काठाकाठाने झुडपं धुंडाळतोय, कोळ्यांना विचारतोय, पाण्यात उतरतोय. मी आपलं भाषण कपाटाच्या आरशाला ऐकवलं." ते बोळकं पसरून हसले. "जाऊ दे. पोर सुखरूप आहे ना, मग झालं. कुणाची तरी लेक ती."

यंत्र थांबलं. ते तिनेच बंद केलं होतं. न बोलता कवळी परत करता आली असती. त्यांना कधी कळलंही नसतं.

"काका... ती मी."

मास्तरांचे गाल आधीच आत गेलेले. आता भुवया वर गेल्या. मग त्यांनी हात पुढे केला. तिला वाटलं, आता आपल्याला बोलणार. पण त्यांना दात हवे होते. ते नीट बसवून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "मला सांगून काय उपयोग? मी कुठे शोधायला गेलो होतो? समोरच्या बँकेच्या इमारतीत लिफ्ट बंद आहे. तिथे आहे तो. वरच्या मजल्यावर."

लिफ्ट बंद, म्हणजे जिने. सुजलेला घोटा घेऊन ती कठड्याला धरून एकेक पायरी चढली. वर लिफ्टचं दार उघडं होतं आणि त्यातून फक्त त्याचं डोकं आणि खांदे दिसत होते. तो खाली अडकलेल्या लिफ्टच्या छतावर उभा राहून काहीतरी आवळत होता.

"तुम्ही?" पाना थांबला.

"मला बरं वाटत नव्हतं हे खोटं आहे. पाय दुखत होता. कितीतरी दिवस दुखत होता. आणि बसमधून मी तुम्हाला बघितलं... पुलावर. तुम्ही वाटेकडे बघत होतात. आणि मी... मी खाली वाकले. तुम्हाला दिसू नये म्हणून."

तो हळूच म्हणाला, "पाण्यात तुमच्यासारखा निळा टी-शर्ट दिसला होता मला. जवळ गेलो तर प्लास्टिक होतं." त्याने पाना खाली ठेवला. "तेवढ्या वेळात माझं काय झालं, ते मला सांगता नाही येणार."

तिचे डोळे भरून आले. "मला तुमच्यासमोर लंगडायचं नव्हतं."

"का?"

"बाकी कुणासमोर लंगडले असते. तुमच्यासमोर नाही." बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. ती जायला वळली.

"थांबा. राग आलाय मला. बराच आलाय, अजून दोनचार दिवस राहील." त्याची नजर तिच्या पायावर गेली. "ह्या पायाने जिने चढून आलात?"

"लिफ्ट बंद आहे."

"अहो, तासाभरात चालू केली असती!" तो चिडून म्हणाला. पण त्याच्या ओठांचा एक कोपरा राग विसरला होता. "बसा इथे. चालू झाली की खाली सोडतो. तोवर एक शब्द बोलू नका."

ती बसली. एक शब्द बोलली नाही.

त्या आठवड्यात एका दुपारी मास्तरांनी दवाखान्याच्या खुर्चीत बसून अख्खं भाषण तिला ऐकवलं. ते भलतंच लांबलचक होतं. तिने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

सूज उतरल्यावर ती पुन्हा नदीकाठी आली. आधी सगळ्यांची माफी मागितली. मग डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, थोडं पळून, थोडं चालून, सगळ्यांच्या देखत सराव केला. शेपटाचा राग दोनचार दिवसांचे आठ दिवस टिकला आणि मग एका सकाळी, लिफ्टमध्ये अडकलेल्या पोपटाची गोष्ट सांगताना, तो कुठेतरी सांडून गेला.

मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "उद्या माझ्यामागे यायचं नाही. तुम्ही तुमची शर्यत पळा."

"आणि तुम्ही?"

"मी बस पकडणार नाही."

तो पळाला. सुरुवातीच्या गर्दीत त्याची पाठ दिसेनाशी झाली. ती आपल्या चालीने निघाली. पळत, चालत, पळत. निम्मं अंतर गेलं, त्यापुढचंही बरंच गेलं. गिरणीच्या चिमणीपाशी मात्र घोटा बुटात मावेना. वैद्यकीय तंबूतल्या डॉक्टरबाईंनी मोजा खाली केला आणि मान हलवली.

"बाई, आता बास. पुढे गेलात तर वर्षभर पळता येणार नाही."

तिला रडू आलं. तिने रडून घेतलं. मग थांबलेल्यांना नेणाऱ्या गाडीत जाऊन बसली. गाडीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"मागच्या फाटकाने नेऊ ना?" ड्रायव्हर म्हणाला. "तिकडे कुणी नसतं. गुपचूप जाता येतं घरी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेही डोलावली. फाटक आलं, एकेक जण उतरला. ती उठली... आणि पुन्हा बसली.

"मला पुढे सोडाल? जिथे सगळे आहेत तिथे."

गाडी शेवटच्या कमानीशेजारी थांबली. एक बूट पायात, एक हातात, अशी ती उतरली. टाळ्या वाजवणारे हात गाडी बघून अडखळले. आईचा चेहरा पडला. वहिनीने तिच्या नावाचा भलामोठा फलक पटकन पाठीमागे लपवला. तिचा चेहरा पेटला होता. आता वाकायला खिडकीही नव्हती. ती मान वर ठेवून लंगडत चालत राहिली.

गळ्यात पदक घातलेला तो गर्दीतून वाट काढत आला.

"कुठपर्यंत?"

"गिरणीची चिमणी. सुजला. थांबले." तिने घोट्याकडे बोट केलं. "लाज वाटतेय. फार वाटतेय. पण तुम्हाला शोधायला लागू नये म्हणून इकडून आले."

त्याने तिच्या हातातला बूट आपल्या हातात घेतला.

"तुमची कशी झाली?" तिने विचारलं.

"जोरात पळालो. पण सारखा मागे वळून बघत होतो. लोकांना वाटलं मान लचकली. माझं काही खरं नाही आता... मला तुमच्याशिवाय पळायला आवडेना झालंय. नुसतं पळायलाच नाही." त्याचेही कान लाल झाले होते. "चालेल का तुम्हाला, मी कायमचा बरोबर असलो तर?"

ती म्हणाली, "मागे नाही. शेजारी."

"शेजारी." तो गुडघ्यावर बसला. "पाय दाखव."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"दाखव गं!"

आई बघत होती, वहिनी तर डोळे फाडून बघत होती. तिने त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि सुजलेला, निळा पडलेला घोटा पुढे केला.

"तुम्ही मला 'गं' म्हणालात," ती हळूच म्हणाली.

"चुकून निघालं."

"मग..." ती खाली वाकली, त्याच्या कानापाशी. "परत एकदा चुका ना."