वाचून दाखवला, मान्य आहे

'भास झाला असेल' असं म्हणणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं. मी दारू पीत नाही, आणि हे घडलं ते भर दुपारी घडलं. धुळ्यात, देवपूरमध्ये, गेल्या मे महिन्यातल्या मंगळवारी, अडीचच्या सुमारास.

मी जितेंद्र. भाडेकरार करून देतो. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरोघर फिरतो.

त्या दिवशी घरमालक अभिमन नानांनी बोलावलं. मागच्या अंगणातली खोली नव्या भाडेकरूला द्यायची होती. सुगंधाबाई नाव. एकटी बाई, लोकांकडे पोळ्या लाटणारी, लिहिता-वाचता न येणारी.

ती खोली मला चांगली माहीत होती.

दोन वर्षांपूर्वी तिथे बेबाबाई राहायची. तीही एकटी, तीही अंगठा उठवणारी. तिचा करार मीच केला होता. साध्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणी न करता. शेवटी ओळ होती, 'मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे.'

वाचून दाखवला नव्हता.

आम्ही कुणीच दाखवत नाही. चार पानं कोण वाचत बसणार? ओळ आयती छापलेली असते. अंगठा घ्यायचा आणि पुढचं घर गाठायचं.

तिनं विचारलं होतं, "काय लिखेल शे, भाऊ?"

"नेहमीचंच आहे, अक्का," मी म्हणालो होतो.

त्या 'नेहमीच्या'त नानांनी सातवं कलम घुसवलं होतं. मालक सांगेल त्या दिवशी खोली सोडायची, नाहीतर मालक कुलूप लावेल. असलं कलम कायद्यापुढे टिकत नाही. माणसाला घराबाहेर काढायचं तर रीतसर आदेश आणावा लागतो. पाणी तर तोडताच येत नाही. हे मला माहीत होतं. तिला कोण सांगणार होतं?

भर उन्हाळ्यात नानांनी पाणी तोडलं, कुलूप ठोकलं. बेबाबाई तीन दिवस ओट्यावर बसून राहिली. शेजारचे म्हणाले, पोलिसात जा. ती म्हणाली, "अंगठा देयेल शे ना मी."

चौथ्या दिवशी उन्हानं गेली.

आणि आता त्याच ओट्यावर बसून नाना मला सांगत होते, "तेच जुनं कलम टाक रे."

मी टाकलं. थू माझ्यावर!

मशीन ओट्यावर ठेवलं. सुगंधाबाई तांब्यानं पाणी पीत होती. नाना पंच्यानं घाम पुसत होते. मशीनला कुणाचाही हात लागला नव्हता...

मशीनचा लाल दिवा लागला, विझला.

मग बंद खोलीतून कडी हलल्याचा आवाज आला. दाराला बाहेरून कुलूप होतं.

आणि माझ्या अगदी शेजारून...

"काय लिखेल शे, भाऊ?"

मी सुगंधाबाईकडे पाहिलं. तांब्या अजून तिच्या तोंडालाच होता.

नानांनीही ऐकलं होतं. त्यांचा पंचा हातातच राहिला.

मला काय करावं सुचेना. मी वाचायला लागलो. मोठ्यानं, पहिल्या कलमापासून. आयुष्यात पहिल्यांदा.

एक कलम संपलं, दिवा लागून विझला. दुसरं संपलं, पुन्हा लागला. कुणीतरी ऐकत होतं आणि हुंकार देत होतं...

सातवं कलम वाचलं.

दिवा लागला नाही.

खोलीच्या दाराचं कुलूप हळूहळू हलायला लागलं. वारा नव्हता. लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

मी ते कलम खोडलं.

"कोणाला विचारून खोडलं?" नाना ओरडले. "घर माझं आहे!"

कुलूप उघडून त्यांच्या पायाशी पडलं. किल्ली त्यांच्या खिशात होती.

नानांनी मशीन पुढे ओढलं. अंगठा लावला. सुगंधाबाईनं लावला. करार रीतसर नोंदला गेला. ती आजही त्या खोलीत राहते, आणि नळाला पाणी आहे.

नानांची मला कीव येत नाही. त्यांना भीती वाटली, लाज नाही वाटली. बेबाबाईचं कुणी विचारलं तर आजही म्हणतात, "कागदावर तिचाच अंगठा होता."

मी मात्र आता प्रत्येक करार वाचून दाखवतो. लोक वैतागतात. वैतागू देत.

पण एवढ्यानं ते थांबलेलं नाही.

बेबाबाईच्या कराराची झेरॉक्स माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दुपारी अडीच वाजले की वायर काढून ठेवलेल्या मशीनचा दिवा लागतो... आणि तोच आवाज येतो. रागानं नाही. साधं विचारते, तेव्हा विचारलं होतं तसं.

मी झेरॉक्स काढतो. वाचायला लागतो. पहिलं कलम, दुसरं, सहावं...

सातव्यापाशी थांबतो.

ते तिला कोणत्या तोंडानं वाचून दाखवू?