झाकणाला नाव देऊ नये

"ब्रश कुठे गेला?" शिडीच्या वरच्या पायरीवरून पाटीवाला ओरडला. "आत्ता इथे होता! पांढऱ्या रंगात बुडवून ठेवला होता!"

"ब्रशला पाय फुटले असतील," खाली उभा असलेला शंकासुर गंभीरपणे म्हणाला. "अर्थात, पुरावा नाही."

त्याची चुलतबहीण खटपटी शेजारीच उभी होती. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि पांढरा रंग मनगटावरून कोपराकडे ओघळत चालला होता. ब्रश सापडायला नको होता. निदान आज तरी नको!

सभागृहाची समोरची भिंत एका प्रचंड झाडाने व्यापली होती. फांदीफांदीवर नावे होती आणि शेंड्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'एक आडनाव, एक रक्त'. उद्या सकाळी आडनाव मंडळाच्या सभेत या वंशवृक्षाचे अनावरण व्हायचे होते. त्याआधी उजवीकडची सर्वांत खालची फांदी पांढऱ्या रंगाखाली गडप करायची, असा अध्यक्षांचा हुकूम होता. फांदी खटपटीच्या बाबांची होती. तिच्या टोकाला खटपटी आणि तिची धाकटी बहीण शेपूट अशी दोन पाने होती. हुकूम देणारे अध्यक्ष म्हणजे तिचे सख्खे मोठे काका, शंकासुराचे वडील!

"मी दुसरा ब्रश घेऊन येतो," पाटीवाला शिडी उतरत म्हणाला. "पण दुकान आता बंद झालं असेल. उद्या पहाटे बघू."

तो दाराबाहेर पडताच तिघेही बाहेर धावली. शेपूट सर्वांत मागे होती. नाव उगीच पडलेले नव्हते.

"एक रात्र मिळाली," खटपटी म्हणाली. "पुढे काय?"

"पुढे विचार," शंकासुर म्हणाला. "तू धावतेस, मी विचार करतो. वाटणी जुनीच आहे."

प्रकरण असे होते. या आडनावाची सगळी घराणी एकाच पूर्वजाची, असे मोठे काका वर्षानुवर्षे छातीठोकपणे सांगत आले होते. यंदा त्यांनी ते शास्त्राने सिद्ध करायचे ठरवले. वडिलांकडून मुलाकडे जाते ते वाय गुणसूत्र. आडनावही त्यांच्याकडे त्याच वाटेने जात असे. म्हणजे दोघे खरोखर जोडीने चालत आले की नाही, हे डीएनए तपासणीने पाहता येते. सात घरांतल्या सात पुरुषांनी कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली, ती नळीत घातली आणि नळ्या प्रयोगशाळेत गेल्या. अहवाल आला. सहा नळ्या एकमेकींशी जुळल्या. सातवी जुळली नाही. सातव्या नळीवर बाबांचा क्रमांक होता.

"शास्त्राने सांगितलं, तिथे मी कोण?" मोठे काका म्हणाले होते. पण आवाज बसलेला होता आणि त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिले नव्हते.

बाबा काहीच बोलले नव्हते. खटपटीला तेच सहन होत नव्हते. ते भांडले असते, ओरडले असते, निदान एखादे पिंप तरी लाथेने आडवे केले असते!

तिघे कारखान्यात पोचली तेव्हा बाबा डब्यांना टेप लावत होते. कापडाला नीळ चढवण्याचा हा छोटा कारखाना दोघा भावांचा. हिशेब आणि गिऱ्हाइके मोठे काका बघत. पिंपे, कापड आणि रंग बाबांकडे. कोपरापर्यंत निळे हात ही बाबांची ओळख होती.

"बाबा, डबे का बंद करताय?"

"उद्या सभा झाली की निघायचं म्हणतोय. लांबच्या गिरणीत जागा आहे." त्यांनी वर पाहिले नाही. "तुमच्या शाळेचं बघू तिकडे."

"मग कापडाला रंग कोण चढवणार?" शेपटीने विचारले. "मोठे काका? त्यांना तर निळा आणि काळा यांतलाही फरक कळत नाही!"

"शेपटे!" बाबा ओरडले खरे, पण मिशीत हसले. तेवढ्यात शंकासुराने टेबलावरच्या डब्याच्या झाकणावर खडूने काहीतरी लिहायला घेतलेले त्यांना दिसले. "अरे, अरे! झाकणाला नाव देऊ नये! किती वेळा सांगायचं? झाकण आज या डब्यावर, उद्या त्या डब्यावर. नाव अंगावर लिहावं. डब्याच्या अंगावर!"

खडू शंकासुराच्या हातातच राहिला.

"काका," तो सावकाश म्हणाला, "त्या नळ्यांचे क्रमांक कुठे होते?"

"कुठल्या नळ्यांचे?"

"तपासणीच्या!"

बाबांनी क्षणभर आठवून पाहिले. "झाकणावर. दादा म्हणाला, वरून वाचायला सोपं पडतं."

खटपटी आणि शंकासुर यांनी एकमेकांकडे पाहिले आणि पुढच्या क्षणी दोघेही दाराबाहेर होती.

"मला सोडून जाऊ नका!" शेपूट मागून किंचाळली.

मोठ्या काकांच्या बैठकीच्या खोलीत त्या दिवसाचा फोटो चौकटीत लावलेला होता. एका लांब टेबलामागे सात पुरुष ओळीने उभे आणि प्रत्येकासमोर त्याची नळी. पाहुण्यांना तो दाखवल्याशिवाय काका पाण्याचा पेलाही पुढे करत नसत. महिनाभर सगळे घर या फोटोखालून जात-येत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

खटपटी खुर्चीवर चढली. शेपटीने खिशातून भिंग काढले. तिच्या खिशात नेहमी काय काय असायचे, ते विचारण्याची सोय नव्हती.

"मोठे काका एक नंबर, त्यांच्या शेजारी बाबा सात नंबर," खटपटी पुटपुटली. "बाकीचे पाच... दोन, तीन, चार, पाच, सहा. ज्याचं त्याच्यासमोर. बाबांच्या समोर..." ती थांबली. तिने भिंग पुसले आणि पुन्हा पाहिले. "बाबांच्या समोर एक आहे! आणि काकांच्या समोर सात!"

"थांब. इतक्यात नाचू नकोस," शंकासुर म्हणाला. "शक्यता अशीही आहे की फोटोसाठी नळ्याच इकडच्या तिकडे ठेवल्या गेल्या. मग झाकणं बरोबर आणि जागा चुकीच्या."

"मग हे काय?" खटपटीने बोट ठेवले.

बाबांसमोरच्या नळीवर निळे ठसे होते. तीन बोटे आणि एक अंगठा, ठसठशीत! त्या दिवशी बाबांना पिंपावरूनच बोलावून आणले होते. हातांवरून नीळ गळत होती, हे तिला लख्ख आठवत होते. आणि मोठ्या काकांसमोरची नळी होती स्वच्छ, कोरी. गळत्या निळ्या हातांनी धरलेली नळी कोरी राहील कशी?

"आणि मला माहितीय झाकण कोणी लावलं ते!" शेपूट म्हणाली. "मी तिथेच होते, टेबलाखाली. मोठे काका म्हणाले, 'तू हात लावू नकोस रे, आकडा पुसशील, तुझं झाकण मीच लावतो.' दोन्ही झाकणं त्यांच्याच हातात होती. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, 'इकडे बघा!' मग काकांनी तिकडे बघत बघतच लावली!"

"हे तू आत्ता सांगतेस?"

"मला कुणी विचारलं कुठे?"

खटपटी खुर्चीवरून धाडकन खाली उतरली. "सुटलं! सुटलं! उद्या भर सभेत हा फोटो दाखवायचा, की बाबा मोकळे! चला, आत्ताच बाबांना..."

शंकासुर हलला नव्हता. तो अजून फोटोकडेच पाहत होता.

"सात नंबरची नळी जुळली नाही," तो म्हणाला. आवाज अगदी सपाट होता. "सात नंबरचं झाकण पप्पांच्या नळीवर आहे. म्हणजे जुळत नाहीत ते पप्पा." त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. "आणि त्यांचं वाय माझ्याकडे. म्हणजे मीपण."

"दुसरी काहीतरी शक्यता असेल," खटपटी घाईघाईने म्हणाली. "तुला नेहमी सापडते."

"शोधतोय," शंकासुर म्हणाला. "नाही सापडत."

खटपटीला उभे राहवेना आणि बसवेना. तिने खोलीला दोन फेऱ्या घातल्या. एक फांदी वाचवायची, तर दुसरी तोडायची? बाबा तिकडे डब्यांना टेप लावत होते. आणि इकडे हा, लहानपणापासून तिच्या प्रत्येक उपद्व्यापात अर्धा वाटेकरी असलेला भाऊ, आपल्याच वडिलांच्या फोटोसमोर असा उभा होता.

"फोटो नको," ती शेवटी म्हणाली. "पण बाबांनाही जाऊ द्यायचं नाही. दोन्ही झालं पाहिजे."

शंकासुराने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी खोटं बोलणार नाही."

"तुला बोलताच येत नाही. लहानपणी जांभई देतानासुद्धा तू पुरावा मागायचास!"

तो एवढेसे हसला. "खोटं बोलायची गरजच नाही. अहवाल झाकणांवर उभा आहे. झाकणं फिरली असू शकतात, एवढं दाखवलं की अहवाल कोसळला. मग त्या एकाच कागदावरून सातांपैकी कुणाकडेच बोट दाखवता येत नाही."

"आणि ते दाखवायचं कसं?"

शेपटीने या वेळी खिशात हात घातला नाही. ती कारखान्याकडे पळत सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह गच्च भरले होते. परगावाहून आत्याही आली होती. दोघा भावांची ही थोरली बहीण निवृत्त मुख्याध्यापिका होती आणि तिच्या नजरेला मोठे काकासुद्धा वचकून असत. वंशवृक्षावर पडदा होता. नवा ब्रश घेऊन पाटीवाला पडद्याशेजारी अवघडून उभा होता, कारण पहाटे शिडीच सापडली नव्हती! बाबा शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले होते, आणि त्यांच्या पायाशी पिशवी होती. त्या पिशवीकडे पाहून खटपटीचे पाय आपोआप व्यासपीठाकडे वळले.

"काका, एक मिनिट!"

"खाली बस!" मोठे काका गरजले. "ही मोठ्यांची सभा आहे."

"बोलू दे तिला," आत्या जागेवरूनच म्हणाली. काका एक पाऊल मागे सरकले.

खटपटीने रंगाचे दोन छोटे डबे टेबलावर ठेवले. "काका, यांतला लाल रंग कोणता?"

"हा काय पोरखेळ! हा. लिहिलंय की वर."

"मग एक थेंब तुमच्या रुमालावर टाकता?"

मोठ्या काकांनी वैतागून झाकण उघडले आणि डबा रुमालावर कलता केला. पांढऱ्याशुभ्र रुमालावर टपोरा निळा डाग पसरला. सभागृहात हशा पिकला!

"अरे, पण लाल लिहिलंय!"

"झाकणावर लिहिलंय, काका. डब्यावर नाही. झाकण मी आज सकाळी बदललं." खटपटीने श्वास घेतला. "तपासणीच्या नळ्यांचे क्रमांकही झाकणांवरच होते."

हशा थांबला.

आता शंकासुर उठला. त्याच्या हातात कागदी खोके होते. "तपासणी चुकलेली नाही," तो म्हणाला. "तिच्यापुढे जे ठेवलं, त्याचं उत्तर तिने दिलं. सातांपैकी एक नळी जुळत नाही, हे खरं. पण ती कोणाची, हे अहवालावरून सांगता येत नाही." 'अहवालावरून' हा शब्द त्याने मुद्दाम सावकाश उच्चारला. "इथे सात नवे संच आहेत. पप्पांनीच पुढच्या तुकडीसाठी मागवून ठेवले होते. या वेळी क्रमांक नळीच्या अंगावर लिहू. पहिलं कोण येतं?"

कोणी खोकले. कोणी खुर्ची सरकवली. काल 'शास्त्र म्हणजे शास्त्र!' म्हणणारे दोन नंबरचे चुलते बुटांच्या नाड्या बांधू लागले. त्यांच्या पायांत चपला होत्या!

"काय हो," आत्या म्हणाली, "काल एकाची फांदी पुसताना सगळ्यांचं एकमत होतं. आज गाल पुढे करायला एकही नाही?"

मोठे काका रुमालावरच्या डागाकडे पाहत होते. मग ते व्यासपीठावरून उतरले, दोन रांगांमधून थेट शेवटच्या रांगेपर्यंत गेले आणि त्यांनी बाबांच्या पायाजवळची पिशवी उचलली.

"चूक माझी," ते मोठ्याने म्हणाले. "घरी चल."

टाळ्या कोणी आधी वाजवल्या, कळले नाही. पाटीवाल्याने कोराच ब्रश खिशात खोचला.

सभा पांगल्यावर आत्या मुलांकडे आली. शेपूट एका कोपऱ्यात काहीतरी अंगाखाली दाबून सकाळपासून बसली होती.

"ऊठ."

"मला इथेच बरं वाटतं."

"ऊठ म्हणते ना!"

शेपूट उठली. खाली चौकटीतला फोटो होता. आत्याने तो उचलला, चष्मा नीट केला आणि कितीतरी वेळ पाहिला. निळे ठसे तिच्याही नजरेतून सुटले नाहीत.

"तुम्हाला हे कालच कळलं होतं?"

शंकासुराने होकारार्थी मान हलवली.

"आणि तरी दाखवला नाहीत." तिने फोटो पालथा केला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या पप्पाला आमच्या आईवडिलांनी तान्हा असताना घरी आणलं. त्यांच्या मित्राचं बाळ, मागे कुणी उरलं नव्हतं. मी तेव्हा तुझ्याएवढी होते. आई म्हणाली, हा तुझा भाऊ. मी पुरावा मागितला नाही." ती शेजारच्या खुर्चीवर बसली. "त्याला सांगायचं मात्र राहूनच गेलं. आज मी सांगेन. ते माझं काम, तुमचं नाही. तुमचं काम तुम्ही चोख केलंत. एकाला सोडवताना दुसऱ्याला बुडवलं नाहीत. शाबास! आमच्यासारख्या मोठ्यांना हे जमलं नसतं."

"शिडी लपवायची कल्पना माझी होती," शेपटीने लगेच नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पिंप ढवळत होते. डब्यांवरच्या टेपा निघाल्या होत्या. मोठे काका दारात येऊन उभे राहिले. डोळे लाल होते, शर्ट नेहमीसारखा कडक पांढरा. मागे शंकासुर होता.

"ताईने सगळं सांगितलं," ते म्हणाले. "झाडावरची ती वरची ओळ बदलायला सांगितलीय. 'एक आडनाव' तेवढं राहू दे. बाकीचं पुसायचं."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी ढवळणे थांबवले नाही. "आलाच आहेस तर हात लाव. माणूस कमी आहे."

"कुठल्या पिंपात?"

"आधी बाह्या वर कर, दादा!"

खटपटी आणि शंकासुर पायरीवर बसून पाहत राहिली. घटकाभराने मोठे काका कोपरापर्यंत निळे झाले होते. शेपटीने त्यांच्यापुढे भरलेला डबा ठेवला आणि हातात खडू दिला. त्यांनी सवयीने झाकणावर खडू टेकवला, क्षणभर थांबले, बाबांकडे पाहिले आणि डबा कुशीवर वळवून त्याच्या अंगावर नाव लिहिले. अक्षराखाली अंगठ्याचा निळा ठसा उमटला, अगदी ठसठशीत.